सोल्यूशन हुंगणारा, चोरीत सापडलेला पंधरा वर्षांचा भाचा: घरी ठेवून उपचार होतात का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर सांगता येईल. भाचा पंधरा वर्षांचा. नववीत शाळा सुटली. दोन मित्रांबरोबर मोबाईल चोरताना सापडला आणि बाल न्याय मंडळाने त्याला जामिनावर आईवडिलांच्या ताब्यात दिलं. पंक्चरचं सोल्यूशन फडक्यावर घेऊन हुंगतो हे घरात दीड वर्षापासून माहीत होतं. आता कळलंय की तो ‘बटण’ही खातो. दाजी म्हणतात, सहा महिने व्यसनमुक्ती केंद्रात टाकू, सरळ होऊन येईल. परिविक्षा अधिकारी (मंडळाचे प्रोबेशन ऑफिसर) म्हणतात, घरी राहूनच उपचार घ्या. कुणाचं ऐकायचं, घरी राहून उपचार म्हणजे नेमकं करायचं काय, आणि चोरीचा शिक्का कायमचा बसणार का, असं तुम्ही विचारलंय.

तुम्ही लिहिलेल्यात एक ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली: ‘ताई दुपारी साडेतीनला कामाला जाते, दाजी रात्री दहाला येतात.’ म्हणजे रोज सहा-साडेसहा तास हा मुलगा कुठे असतो, कुणाबरोबर असतो, हातात पैसे कुठून येतात, हे घरात कुणालाच माहीत नसतं. नशा त्याच वेळात होते आणि चोरीही. घरी राहून उपचार करायचे म्हणजे प्रामुख्याने या तासांवर काम करायचं. डॉक्टर, समुपदेशक, औषध हे सगळं लागतं, पण हे तास मोकळे राहिले तर औषधाचा उपयोग दुसऱ्या आठवड्यापर्यंतही टिकत नाही.

पण त्याआधी गोळ्यांचं बघा, तो भाग थांबू शकत नाही. रस्त्यावर ‘बटण’ म्हणून मिळतात त्या बहुतेक वेळा नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम या गटातल्या झोपेच्या गोळ्या असतात. रोज खाणाऱ्याने त्या एकदम बंद केल्या तर घाम, हातांना कंप, झोप उडणं, चिडचिड आणि पुढे झटके येऊ शकतात. घरात पाकिटं सापडली की वडील ती गटारात फेकतात आणि पोराला खोलीत कोंडतात, हा नेहमीचा प्रकार. तिसऱ्या दिवशी फिट येते आणि घरचे म्हणतात, नाटक करतोय. पाकीट फेकू नका. नाव वाचून ठेवा, रोज किती आणि किती महिन्यांपासून हे मुलाला शांतपणे विचारा, आणि ते घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार ओपीडीत जा. डॉक्टर सहसा जास्त वेळ टिकणाऱ्या गोळीवर बदलून मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात. ती गोळी आईच्या ताब्यात राहते. आठवड्याभराचीच आणायची, महिन्याची नाही. मुलाला भ्रम होऊ लागला, अंग थरथरायला लागलं किंवा झटका आला तर ओपीडीची वाट बघायची नाही, थेट अपघात विभागात न्यायचं.

सोल्यूशनचं गणित वेगळं आहे. त्यावर उतारा म्हणून द्यावं असं औषध नाही. पंक्चरच्या सोल्यूशनमध्ये, थिनरमध्ये टोल्युईन किंवा हेक्झेन यांसारखी द्रावणं असतात. टोल्युईनने मेंदूचा तोल सांभाळणारा भाग आणि मूत्रपिंडं बिघडतात, रक्तातलं पोटॅशियम घसरून पाय लुळे पडल्यासारखे होतात. हेक्झेनने तळपायांना मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटते आणि त्याला कळतही नाही. म्हणून पहिल्या तपासणीत पोटॅशियम, क्रिएटिनिन, यकृताच्या चाचण्या, ईसीजी, हिमोग्लोबिन एवढं करून घ्या आणि डोळे-कान तपासा. शाळेत ‘लक्ष देत नाही’ म्हणून मार खाल्लेल्या पोरांपैकी एखाद्याला फळ्यावरचं मुळात दिसतच नसतं.

आणि एक गोष्ट दाजींना आजच सांगा. मुलगा हुंगताना सापडला तर त्याच्या मागे धावायचं नाही, ओरडून दचकवायचं नाही, मारायचं नाही. ही द्रावणं हृदयाला अॅड्रिनलिनबाबत अतिसंवेदनशील करतात. नशेत असलेला मुलगा घाबरून पळाला तर हृदयाचे ठोके बिघडून जागेवर मृत्यू येऊ शकतो, अगदी पहिल्यांदा हुंगणाऱ्यालासुद्धा. फडकं शांतपणे काढून घ्यायचं, मोकळ्या हवेत बसवायचं, शेजारी थांबायचं. काडेपेटी, बिडी जवळ नको, फडकं पेट घेतं. बोलणं दुसऱ्या दिवशी.

आता केंद्राचा प्रश्न. दाजींची घालमेल मला कळते. मुलगा नजरेआड झाला की घरात सहा महिने झोप लागेल, एवढाच त्यांचा हिशोब असावा, आणि तो चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. पण बहुतेक निवासी केंद्रं मोठ्या माणसांसाठी चालतात. तिथे पंधरा वर्षांचं पोर तीस-चाळीस वर्षांच्या दारुड्यांमध्ये, ब्राउन शुगरवाल्यांमध्ये राहणार. जाताना त्याला सोल्यूशन माहीत होतं, येताना आणखी चार गोष्टी माहीत असतात. कायदाही याबाबत स्पष्ट आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये व्यसनाशी जोडलेले आजार येतात, आणि त्याच्या कलम ८७ नुसार अठराच्या आतल्या मुलाला दाखल करायचं तर एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा तज्ज्ञ किंवा डॉक्टर यांनी स्वतंत्रपणे तपासून दाखल करण्याची गरज लिहून द्यावी लागते. घरी, समाजात राहून करता येणारे पर्याय फसले आहेत किंवा या मुलाला लागू पडण्यासारखे नाहीत, हेही त्यांनी बघायचं असतं. मुलाला मोठ्यांपासून वेगळं ठेवायचं, त्याच्याबरोबर घरचं किंवा नेमलेलं माणूस पूर्ण वेळ राहायचं, आणि ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवायचं. केंद्राला फोन करून एवढंच विचारा: ‘मुलाबरोबर आई राहू शकते का?’ उत्तर ‘नाही, भेट महिन्यातून एकदा’ असं आलं तर पुढे बोलायची गरज नाही.

दाखल करणं टाळता येत नाही अशी वेळ असतेच. गोळ्यांची मात्रा मोठी आहे किंवा आधी झटके आलेत, मुलगा जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलतोय, आवाज ऐकू येतात, किंवा घरातच त्याला मारहाण वा लैंगिक त्रास होतोय. तेव्हा रुग्णालयात, शरीर शांत होईपर्यंत, दोन-तीन आठवडे. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ९३ बाल न्याय मंडळाला व्यसनी मुलाला उपचार केंद्रात हलवायचा अधिकार देतं, पण तिथेही अट अशी की आंतररुग्ण उपचाराला लागेल तेवढ्याच काळासाठी. सहा महिने केंद्रात ‘सरळ करायला’ ठेवण्याची सोय या कलमांत नाही.

बाल न्याय मंडळाचं काम कसं चालतं हेही थोडं समजून घ्या, कारण उपचाराची अर्धी ताकद तिथून येते. मोबाईलची साधी चोरी तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेत येते, म्हणून बाल न्यायाच्या भाषेत तो किरकोळ अपराध. (घरात घुसून चोरी असेल तर वरच्या वर्गात जातो, कागद बघून घ्या.) पहिल्यांदा हजर केल्यापासून १५ दिवसांत परिविक्षा अधिकारी सामाजिक तपासणी अहवाल देतो. चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर आणखी दोन महिने, आणि किरकोळ प्रकरण तेवढ्यात संपलं नाही तर ते आपोआप बंद होतं. आदेश झाला तर कलम १८ खाली मंडळ समज देऊन, समुपदेशन लावून घरी सोडू शकतं, किंवा तीन वर्षांपर्यंतच्या हमीवर पालकाकडे किंवा ‘योग्य व्यक्ती’कडे देऊ शकतं. त्याच्या जोडीला शाळेत जा, व्यवसाय प्रशिक्षण घे, अमुक ठिकाणी फिरकू नको, व्यसनमुक्तीचा कार्यक्रम पूर्ण कर, असेही आदेश देता येतात. ती ‘योग्य व्यक्ती’ मामाही असू शकतो, हे लक्षात असू द्या.

सामाजिक तपासणीला परिविक्षा अधिकारी घरी येतील तेव्हा नशेचं लपवू नका. वकिलाचं कुणी ऐकून ‘आमचा मुलगा कशाला हात लावत नाही’ असं लिहून घेतलं की अहवालात उपचाराची शिफारसच येत नाही आणि पुढचं सगळं तुमच्या खिशावर येतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, मुलांना तो हक्काने आहे.

इथे एक खाच आहे. मंडळासमोर उत्साहाच्या भरात ‘माझा मुलगा पुन्हा कधीच नशा करणार नाही’ अशी हमी लिहून देऊ नका. पहिल्या तीन महिन्यांत मुलगा एकदा तरी घसरतो, बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त. अशी हमी असेल तर प्रत्येक घसरण म्हणजे अटीचा भंग, मग मुलगा लपवतो, आई लपवते, आणि समुपदेशकासमोर तिघं बसून खोटं बोलतात. अट अशी मागा: ‘ठरलेल्या प्रत्येक भेटीला हजर राहील.’ हजेरी मोजता येते, पाळता येते. पहिल्याच भेटीत समुपदेशकाकडून एक पानभर लिहून घ्या की परिविक्षा अधिकाऱ्यांना काय जाणार: हजेरी, एकंदर प्रगती, जिवाला धोका असेल तर तो. काय जाणार नाही: बोलण्यातला तपशील, प्रत्येक घसरण. मुलालाही ते वाचून दाखवा. अपवाद एकच मोठा, लैंगिक अत्याचाराचं कळलं तर पॉक्सो कायद्याने ते कळवणं बंधनकारक आहे, तेही आधीच सांगायचं.

आता त्या साडेसहा तासांकडे येतो.

अमेरिकेत अशा मुलांसाठी ‘मल्टिसिस्टेमिक थेरपी’ म्हणून पद्धत आहे. एक समुपदेशक एका वेळी फक्त चार ते सहा कुटुंबं सांभाळतो, तीन ते पाच महिने, आणि घरी, शाळेत, गल्लीत जाऊन काम करतो. आपल्याकडे परिविक्षा अधिकाऱ्याच्या टेबलावरचा फायलींचा ढीग बघितलात तर ही चैन परवडणारी नाही हे कळेल. पण त्यातला गाभा उचलता येतो: सगळे धागे एका माणसाच्या हातात, आणि काम मुलाच्या डोक्यात कमी, त्याच्या भोवती जास्त. तो एक माणूस तुमच्या घरात तुम्हीच दिसता. ताई दमलेली आहे, दाजींचा आवाज चढतो, आणि मामाशी पोर बोलतं. ओपीडीची तारीख, मंडळाची तारीख, समुपदेशकाचा फोन, बाहेरून दहावीला बसायचा १७ नंबरचा फॉर्म, हे सगळं एका वहीत, तुमच्याकडे.

एक कागद घ्या आणि मुलाला शेजारी बसवून गेल्या मंगळवारचा दिवस तासातासाने लिहून काढा. कालचा नको, काल त्याला तुम्ही येणार हे माहीत होतं. उठला किती वाजता, जेवला का, बाहेर कधी, कुठे बसला, कोण होतं, पैसे कुणी काढले, फडकं कुठे लपवतात. उपदेश न करता फक्त लिहा. साधारण असं चित्र निघतं: अकराला उठतो, दुपारी जेवून परत आडवा, चारला शिट्टी ऐकू आली की बाहेर, पाचला सोल्यूशनची ट्यूब, सातला भूक आणि पैसे संपलेले, आठला ‘चल एक राउंड मारू’. म्हणजे पकड बसवायची जागा चार वाजताची आहे. आठला काही हाती लागत नाही.

पहिल्या पंधरा दिवसांत फक्त दोन गोष्टी करतो आम्ही: सकाळी आठला उठणं आणि दुपारी चार ते नऊ मध्ये तीन ठरलेले थांबे. थांबा म्हणजे जिथे त्याची कुणी वाट बघत असेल अशी जागा. चार वाजता आजीकडे चहा आणि तिचं एखादं काम. पाच ते साडेसहा तालीम, कबड्डीचा संघ, ढोल पथकाचा सराव, जे तुमच्या भागात खरंच चालू असेल आणि जिथे शिकवणारा माणूस हजेरी घेतो. सातला तुमचा फोन किंवा तुमचं दुकान. तिन्ही ठिकाणच्या माणसांना एवढंच सांगा की हा आला नाही तर मला लगेच कळवा. केस काय आहे, कशासाठी आहे, हे त्यांना सांगायचं कारण नाही.

काम लावायचं असेल तर जागा बघून लावा. हाताला काम मिळालं की सुधारेल म्हणून वडील हमखास ओळखीच्या गॅरेजमध्ये चिकटवतात. पंक्चरचं दुकान, रंगकाम, चप्पल-बॅगा चिकटवणारे, सोफा बनवणारे, छपाई, या प्रत्येक ठिकाणी तेच द्रावण डबाभर उघडं असतं. त्यापेक्षा भाजी, बेकरी, मोबाईल दुरुस्तीचा क्लास (तिथेही थिनर वापरतात का ते विचारा), केश कर्तनालय. पगार रोख त्याच्या हातात नको. पहिला पगार आणि पहिली घसरण एकाच दिवशी येतात.

शाळेसाठी जुन्याच वर्गात परत बसवायची घाई नको. दोन वर्षं मागे पडलेलं पोर पुढच्या बाकावरच्या लहान मुलांमध्ये टिकत नाही. १७ नंबरचा फॉर्म किंवा मुक्त विद्यालय हा पर्याय ठेवा, आणि त्याआधी मानसशास्त्रज्ञाकडून वाचन-लेखनाची अक्षमता आणि चंचलतेचा आजार, म्हणजे एडीएचडी, तपासून घ्या. मी बघितलेल्या अशा मुलांत हे दोन वारंवार सापडतात आणि वारंवार सुटतात. अक्षमतेचं प्रमाणपत्र असलं की दहावीला सवलती मिळतात. एडीएचडीवर औषध सुरू करायचं झालं तर डॉक्टरांना घरातल्या नशेची माहिती द्या, मग विकता येणार नाही असं औषध ते निवडतील.

समुपदेशनाचा साधारण हिशोब असा: पहिला महिना आठवड्यातून दोनदा, ४० मिनिटांच्या आसपास, त्यातली एक भेट शक्यतो घरी. दुसरा-तिसरा महिना आठवड्याला एक. मग पंधरवड्याला, सहा महिन्यांपर्यंत, आणि वर्षभर महिन्याला एक फोन तरी. आईवडिलांना वेगळं बसवणं तिसऱ्या भेटीपर्यंत व्हायलाच हवं. केवळ मुलालाच ‘दुरुस्तीला’ पाठवलं की तो सत्राला येतो, तोंड मिटून बसतो आणि घरी तेच घर असतं.

एक सावधगिरी: गट समुपदेशन म्हणून एकाच वस्तीतली, एकाच केसमधली पोरं एकत्र बसवत असतील तर नम्रपणे नको म्हणा. बाहेर पडल्यावर गप्पा रंगतात कुणी किती मोबाईल उडवले याच्या. तुरुंग दाखवून घाबरवण्याचे कार्यक्रमही तसेच, त्यांनी गुन्हे कमी न होता वाढतात हे परदेशातल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय.

घरातल्या बोलण्याचा नमुना देतो, कारण सगळं याच उंबरठ्यावर बिघडतं. मुलगा रात्री आठला दारात येतो. आई जवळ जाऊन तोंडाचा वास घेते, ‘परत ओढलंस ना? खरं सांग!’ तो ‘नाही’ म्हणतो, वडील उठतात, दार आपटतं, मुलगा परत बाहेर. त्याऐवजी आधी ताट वाढायचं. जेवण झाल्यावर: ‘आज सगळ्यात अवघड वेळ कधी गेली?’ तो म्हणेल, ‘कुठली नाही.’ ‘बरं. उद्या चारला आजीकडे जाताना कुठून जाणार, मैदानावरून की मागच्या गल्लीतून?’ रस्ता बदलणं ही छोटी गोष्ट नाही, मैदानावरून गेला की शिट्टी ऐकू येतेच. वास, नाकाभोवतीचं पुरळ, कडक झालेला रुमाल, नखांना चिकटलेला पांढरट थर हे सगळं बघा, पण त्या क्षणी पुरावा म्हणून पुढे करू नका. वहीत लिहा आणि समुपदेशकाला सांगा.

लघवीच्या चाचणीचा फार भरवसा धरू नका. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या पट्टीवर सोल्यूशन दिसत नाही. गोळ्या दिसतात, गांजा रोज ओढणाऱ्यात महिनाभरही दिसू शकतो, म्हणजे सोडून तीन आठवडे झालेल्या मुलाला ‘खोटारडा’ ठरवायला ती पुरेशी आहे. म्हणून बक्षीस द्यायचं ते हजेरीला. तीन थांबे झाले की त्याच दिवशी बक्षिसाची चिठ्ठी: मोबाईलचा छोटा रिचार्ज, वडापाव, टर्फवर खेळायला एक तास. पैसे कधीच नाहीत. सलग आठवडा झाला की चिठ्ठी मोठी. चुकला तर पुन्हा पहिल्या छोट्या चिठ्ठीपासून, पण आधी मिळवलेलं काढून घ्यायचं नाही. लाच दिल्यासारखं वाटेल तुम्हाला. आम्हालाही सुरुवातीला वाटायचं.

घसरला तर काय? एकदा हुंगून आला तर वहीत तारीख, आदल्या तीन तासांत काय झालं ते, आणि पुढच्या भेटीची वाट न बघता समुपदेशकाला फोन. सलग तीन-चार दिवस थांबे चुकले, रात्री घरी आला नाही, गोळ्या परत सुरू झाल्या, तर आठवड्याच्या भेटी पुन्हा दोनवर न्यायच्या आणि परिविक्षा अधिकाऱ्यांना तुम्ही स्वतः कळवायचं. त्यांना शेजाऱ्यांकडून किंवा पोलिसांकडून कळलं की मदतीची वाट बंद होते.

मंडळाच्या तारखेचा दिवस वेगळा सांभाळा. आदल्या रात्री मुलगा हमखास बेचैन असतो, आणि बाहेरच्या बाकावर तेच दोन मित्र शेजारी येऊन बसतात. तीन तास तिथे गप्पा, मग बाहेर चहा, मग तिथूनच गायब. वकिलांमार्फत वेगळी वेळ मागून बघा. नाही मिळाली तर तुम्ही मध्ये बसा, डबा बरोबर न्या आणि बाहेर पडताच त्याला घेऊन सरळ ठरलेल्या थांब्यावर जा. तारखा टळत टळत सहा महिने होऊन प्रकरण बंद झालं, तर त्या दिवशी घरात पेढे वाटतात आणि उपचार सुटतात. मंडळाचा धाक संपला तरी ओपीडीची तारीख वहीत राहू द्या.

परिसरात मोबाईल गेला की पोलीस आधी याच्याच दारात येणार, तयारी ठेवा. जामिनाच्या आदेशाची प्रत आणि परिविक्षा अधिकाऱ्यांचा नंबर आईजवळ असावा. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही, ताब्यात घेतलं तर २४ तासांत मंडळापुढे न्यावं लागतं. प्रत्येक पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्याच्याशी बोला. ट्यूब विकणारा दुकानदार माहीत असेल तर मुलाच्या तोंडून तक्रार करवू नका, त्याला गल्लीत राहायचंय. मुलाला नशेचा पदार्थ दिल्यास बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि तक्रार परिविक्षा अधिकारी किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून गेली तर नाव पुढे येत नाही.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. तुम्ही जाता जाता लिहिलंय, ‘दाजी शनिवार-रविवार थोडी घेतात.’ मी ते जाता जाता वाचू शकत नाही. घरात बाटली आहे तोवर मुलाला सोल्यूशन सोड म्हणण्याचा अधिकार त्या घराला राहत नाही, पंधरा वर्षांच्या मुलाला हे लगेच दिसतं. दाजींनी निदान घरात पिणं बंद करायला हवं. ते होणार नसेल तर मुलाला काही महिने तुमच्याकडे ठेवण्याचं परिविक्षा अधिकाऱ्यांशी बोला. मघाची ‘योग्य व्यक्ती’ची तरतूद इथे कामी येते. परस्पर गावी पाठवू नका, जामिनात मुलाचा पत्ता लिहिलेला असतो. आणि चहात कालवून द्यायच्या ‘नशामुक्ती पावडरी’ कुणी सुचवल्या तर घेऊ नका. दारू सोडवणारं काही औषध त्यात मिसळलेलं असलं तर मुलगा दारू प्यायल्यावर जिवावर बेतू शकतं, आणि कळल्यावर तो घरचा घास संशयाने खातो.

हे एकटा तुमचा भाचा करतोय असंही नाही. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हुंगण्याच्या नशेचं प्रमाण १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के निघालं आणि मोठ्यांत ०.५८. बाकी नशांत मोठी माणसं पुढे आहेत, या एकीत मुलं. म्हणून मोठ्यांसाठी बांधलेली व्यसनमुक्तीची रचना इथे अपुरी पडते. जवळ समुपदेशक नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे दोन्ही नंबर मोफत आहेत, मुलगा अडचणीत असेल तर चाइल्डलाइनचा १०९८. ग्रामीण रुग्णालयातल्या ‘मैत्री क्लिनिक’मध्ये किशोरवयीनांसाठी समुपदेशक असतो, तिथेही विचारा.

शेवटचा प्रश्न शिक्क्याचा. बाल न्याय कायद्याच्या कलम २४ नुसार मंडळाने चोरी सिद्ध धरली तरी त्यामुळे मुलाला पुढे कुठली अपात्रता येत नाही, आणि नोंदी ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट करायच्या असतात. सोळावरच्या मुलांच्या अतिगंभीर गुन्ह्यांत वेगळं असतं, हे प्रकरण तिथे जात नाही. पण कलम ७४ ने मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे, आणि तुमच्या प्रश्नात त्याचं नाव, शाळा आणि पोलीस ठाणं तिन्ही आहेत. आधी ते काढून टाका. मग गोळीच्या पाकिटावरचं नाव तेवढं लिहा, पहिला आठवडा कसा काढायचा ते त्यावर ठरेल.